आईची गोळी बंद करू नका: पिट्युटरीचा आजार आणि प्रतिकारशक्ती

केज तालुक्यातल्या एका मुलाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा:

"आईचं वय ४९. धाकट्या बहिणीच्या वेळी ऊसतोडीच्या फडावरच बाळंत झाली, अंगावरून लई गेलं. तेव्हा दूध उतरलंच नाही आणि पाळीही परत आली नाही. गेल्या उन्हाळ्यात जुलाब होऊन बेशुद्ध पडली, सोडियम १०९ निघालं. लातूरला एमआरआय केला, पिट्युटरी ग्रंथी सुकली म्हणाले. हायड्रोकॉर्टिसोन आणि थायरॉक्सिन चालू आहे. आता गावात सगळे म्हणतात की हे स्टेरॉइड आहे, यानं प्रतिकारशक्ती मरते, म्हणूनच माय सारखी तापानं पडते. ती मधूनमधून गोळ्या सोडते. काढा चालू केलाय. खरंच प्रतिकारशक्ती कमी झाली का? डोक्यातल्या ग्रंथीचा आणि रक्तातल्या पेशींचा संबंध काय?"

आधी जे आजच करायचं ते. गोळी बंद करायची नाही, एक दिवसही नाही. ताप आला तर कमी करायची नाही, उलट दुप्पट करायची. उलटी होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर घरी वाट बघत बसायचं नाही, इंजेक्शन घ्यायला निघायचं. याची कारणं खाली सांगतो, पण बाकी काही वाचलं नाही तरी एवढं आईला आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

तुमच्या आईला जे झालं त्याला शीहान सिंड्रोम म्हणतात. हॅरॉल्ड शीहान या ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञानं १९३७ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. गरोदरपणात पिट्युटरी ग्रंथी चांगलीच वाढते, पण तिचा रक्तपुरवठा त्या मानानं वाढत नाही. बाळंतपणात खूप रक्त गेलं, रक्तदाब पडला की त्या वाढलेल्या ग्रंथीला रक्त पुरत नाही आणि तिचा पुढचा भाग मरतो. दूध न उतरणं ही पहिली खूण, पाळी न येणं ही दुसरी. तेव्हा कुणी विचारत नाही. बाई पुन्हा कामाला लागते, थकते, केस विरळ होतात, थंडी सोसत नाही, आणि कित्येक वर्षांनी एका जुलाबात किंवा तापात कोसळते. श्रीमंत देशांत हा आजार आता क्वचितच दिसतो. आपल्याकडे बीड-धाराशिवच्या पट्ट्यात, बाळंतपण घरात नाही तर फडावर झालेल्या बायकांमध्ये मी तो आजही बघतो.

आता संबंध. पिट्युटरी मेंदूच्या तळाशी असते, वाटाण्याएवढी, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. तिच्यातून एसीटीएच नावाचं हार्मोन निघतं. ते मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना कॉर्टिसॉल तयार करायला सांगतं. तुमच्या आईच्या ॲड्रिनल ग्रंथींत मुळात बिघाड नाही, त्यांना सांगणारंच कुणी उरलेलं नाही.

लोकांच्या डोक्यात प्रतिकारशक्ती म्हणजे बॅटरीच्या रेघा, जास्त तितक्या चांगल्या. शरीरात तसं नसतं. जंतू शिरला की आधी भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, जाग्या होतात आणि इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ अशी रसायनं सोडतात. ताप, अंगदुखी, भूक मरणं हे सगळं त्यांचंच काम. यांना सायटोकाइन म्हणतात. ही रसायनं रक्तातून मेंदूपर्यंत निरोप पोचवतात, मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग पिट्युटरीला सांगतो, पिट्युटरी ॲड्रिनलला, आणि काही मिनिटांत कॉर्टिसॉल वाढायला लागतं. वाढलेलं कॉर्टिसॉल परत त्याच मॅक्रोफेजांकडे जातं आणि त्यांना सांगतं, आता पुरे. हे वर्तुळ खरंच असं चालतं हे ह्यूगो बेसेडोव्स्की आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्राण्यांवर दाखवलं. इंटरल्यूकिन-१ टोचलं की एसीटीएच आणि त्यामागोमाग ॲड्रिनलचं हार्मोन वाढतं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९८४ मध्ये, ॲलन मंक आणि सहकाऱ्यांनी एक विचार मांडला होता, तो मला आजही या विषयातला सगळ्यात कामाचा वाटतो. आजारपणात वाढणारं कॉर्टिसॉल आपल्याला जंतूपासून नव्हे, तर जंतूवर तुटून पडलेल्या आपल्याच प्रतिकारशक्तीपासून वाचवतं.

औताला जुंपलेल्या बैलांना कासरा असतो. कासरा आहे म्हणून बैलांची ताकद कमी होत नाही, ते तासातच चालतात एवढंच. तुमच्या आईच्या शरीरात बैल आहेत, कासरा नाही. ॲड्रिनल काढून टाकलेल्या उंदराला जिवाणूंच्या विषाचा इतका थोडा डोस मारतो की तेवढ्यानं साध्या उंदराला फारसं काही होत नाही. त्याच उंदराला आधी कॉर्टिसॉलसारखं औषध दिलं तर तो वाचतो. साध्या जुलाबानं तुमची आई बेशुद्ध होण्याइतकी ढासळली, ते जंतू फार जहाल होता म्हणून नव्हे.

कॉर्टिसॉल पेशीत काय करतं तेही सांगतो, कारण "स्टेरॉइड पेशी मारतं" या समजाचं मूळ तिथं आहे. कॉर्टिसॉल पेशीच्या आत शिरतं, आतल्या रिसेप्टरला, म्हणजे हार्मोन ओळखणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं आणि दोघं मिळून केंद्रकात जातात. तिथं एनएफ-कप्पा-बी नावाचं एक बटण असतं, दाह पेटवणाऱ्या बऱ्याच जनुकांना ते चालू करतं. कॉर्टिसॉल त्या बटणावर हात ठेवतं. याशिवाय ते पेशींची जागा बदलतं. रक्तवाहिन्यांच्या कडेला चिकटून बसलेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी प्रवाहात येतात, म्हणून रक्तात त्यांचा आकडा वाढतो. लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी उलट रक्तातून निघून अस्थिमज्जेत आणि लसिका ग्रंथींत जाऊन बसतात. इओसिनोफिल, पांढऱ्या पेशींचा तिसरा प्रकार, जवळजवळ नाहीसे होतात. निरोगी माणसातही हे रोज घडतं. पहाटे-सकाळी कॉर्टिसॉल सगळ्यात जास्त असतं तेव्हा रक्तातले लिम्फोसाइट कमी असतात, रात्री कॉर्टिसॉल उतरलं की ते वाढतात.

यातून एक गोष्ट अशी निघते जी तालुक्याच्या ठिकाणी, साध्या सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदावरही दिसू शकते. तापानं फणफणलेल्या, बीपी पडलेल्या माणसाच्या रक्तात इओसिनोफिल जवळजवळ शून्य असायला हवेत, कारण त्याचं कॉर्टिसॉल वाढलेलं असायला हवं. अशा माणसाचे इओसिनोफिल आठ-दहा टक्के निघाले, सोबत सोडियम खाली असलं, तर डॉक्टरांच्या मनात कॉर्टिसॉलचा विचार यायलाच हवा. आपल्याकडे बहुतेक वेळा इओसिनोफिल वाढले की जंताची गोळी आणि सोडियम उतरलं की मिठाचं पाणी देतात. सलाइननं दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शीहानच्या बायकांमध्ये रक्त कमी असणंही नेहमीचंच. काहींच्या तर लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट असं सगळंच कमी होतं, अस्थिमज्जेचा मोठा आजार म्हणून तपासण्या होतात, आणि हार्मोन सुरू केल्यावर काही महिन्यांत आकडे वर येतात. म्हणजे या ग्रंथीची सावली थेट रक्त तयार होण्यावरही पडते.

आता डोसचं गणित. गावातल्यांचा गोंधळ इथंच आहे, आणि त्यात त्यांची फारशी चूक नाही, कारण दोन्हीकडे नाव एकच.

आईला दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दिलेलं असेल. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कॉर्टिसॉलच, फक्त गोळीत घातलेलं. निरोगी शरीर रोज जेवढं तयार करतं साधारण तेवढंच आपण बाहेरून देतोय. संधिवाताला, ल्युपसला (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) किंवा दम्याच्या जोरदार झटक्याला प्रेडनिसोलोन देतात ते दिवसाला ४०-५० मिलिग्रॅमपर्यंत जातं. प्रेडनिसोलोनचे ५ मिलिग्रॅम म्हणजे हायड्रोकॉर्टिसोनचे २०. म्हणजे ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे तुमच्या आईच्या डोसच्या आठपट किंवा त्याहून जास्त. तिथं प्रतिकारशक्ती दाबली जातेच, दाबण्यासाठीच ते दिलेलं असतं. तुमच्या आईच्या बाबतीत आपण फक्त खड्डा भरतोय, वर ढीग रचत नाही.

मग ती सारखी आजारी का पडते? तुमच्याच प्रश्नात उत्तर आहे: "मधूनमधून गोळ्या सोडते." कॉर्टिसॉल नसेल तर जंतू नसतानाही ताप येऊ शकतो, मळमळ, अंगदुखी, गळून जाणं हे तर येतंच. लोक त्याला इन्फेक्शन समजतात, अँटिबायोटिक चालू होतं, गोळी विसरली जाते. मी आधी हेच तपासून बघेन. तापाच्या दिवसांसोबत गोळी चुकवलेल्या दिवसांची नोंद एका वहीत ठेवा, महिनाभरात चित्र स्पष्ट होईल.

तरीही "गोळी नियमित घेतली की सगळं अगदी निरोगी माणसासारखं" असं मी म्हणणार नाही. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलं की मूळ ॲड्रिनलच बंद पडलेल्या रुग्णांत एनके पेशींची, म्हणजे विषाणूग्रस्त पेशींना मारणाऱ्या लिम्फोसाइटची, मारण्याची ताकद कमी असते. २०१८ मध्ये इटलीतून आलेला एक अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात पिट्युटरीमुळे कॉर्टिसॉल कमी असलेले रुग्णही होते. दिवसात दोन-तीनदा घ्यायच्या साध्या गोळीऐवजी काहींना सकाळी एकदाच घ्यायची, सावकाश विरघळणारी गोळी दिली. २४ आठवड्यांनी त्या गटात पेशींचं चित्र निरोगी माणसांच्या जवळ आलं आणि इन्फेक्शनही कमी झाली. एकूण औषध किती यापेक्षा ते दिवसात केव्हा मिळतं याला पेशी जास्त जागतात असं मी त्यातून घेतो. पेशींनाही घड्याळ असतं, आणि रात्री अंगात कॉर्टिसॉल असलेलं त्यांना चालत नाही.

तेव्हा साध्या गोळीवरही एवढं करता येतं: मोठा डोस पहाटे उठल्याउठल्या, चहाच्या आधी. दुसरा दुपारी. तिसरा असला तर चार-पाचच्या आत. झोपताना नाही. आपल्याकडे बायका सगळं आवरून, सगळ्यांना जेवायला वाढून मग नऊ वाजता सकाळची गोळी घेतात, आणि राहिलेली रात्री दूध पिताना. हे उलटं करा. उशाशी गोळी आणि पाण्याचा तांब्या ठेवला की काम होतं.

पिट्युटरीची बाकीची हार्मोनंही पेशींपर्यंत पोचतात, पण त्यांचं वजन कॉर्टिसॉलएवढं नाही.

वाढीचं हार्मोन घ्या. १९३० मध्ये फिलिप स्मिथ यांनी उंदरांची पिट्युटरी काढली तेव्हा छातीतली थायमस ग्रंथी, जिथं टी-पेशी शिकून तयार होतात, ती आक्रसली. लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेजवर या हार्मोनचे रिसेप्टर असतात हेही पुढं कळलं. प्रयोगशाळेतून पाहिलं तर हे हार्मोन नसलेला माणूस सतत आजारी असायला हवा. प्रत्यक्षात तसं दिसत नाही. वाढीचं हार्मोन कमी म्हणून बुटकी राहिलेली मुलं मी वर्षानुवर्षं बघतोय, शाळेतल्या बाकी मुलांपेक्षा ती जास्त आजारी पडत नाहीत. अपवाद आहेत ते जन्मजात जनुकांचे. स्टॅट-५-बी नावाच्या जनुकात दोष असेल तर उंचीही वाढत नाही आणि फुफ्फुसांची दुखणीही मागं लागतात, कारण वाढीच्या हार्मोनचा निरोप पेशीत पोचवणारा तोच निरोप्या टी-पेशींतही काम करतो. एनएफकेबी-२ या जनुकाच्या दोषात बी-पेशी प्रतिपिंडं नीट बनवत नाहीत आणि सोबत एसीटीएचही कमी पडतं. मूल बुटकं आहे आणि वरचेवर न्यूमोनिया होतोय, किंवा मुलाची साखर अचानक उतरते आणि कान सारखे वाहतात, असं दोन्ही एकत्र दिसलं तरच तिकडं वळायचं. तुमच्या आईशी याचा संबंध नाही.

प्रोलॅक्टिन हे दुधाचं हार्मोन. रचनेनं त्याचा रिसेप्टर सायटोकाइनच्या रिसेप्टरांच्याच घराण्यातला आहे. जास्त झालेलं प्रोलॅक्टिन, मोडून काढायला हव्या होत्या अशा बंडखोर बी-पेशींना जगवतं, आणि ल्युपसच्या काही रुग्णांत ते वाढलेलं सापडतं. म्हणून प्रोलॅक्टिनची गाठ असलेल्या बाईचे सांधे सुजले, तोंडावर चट्टे आले तर मी एएनए ही ल्युपससाठीची रक्ततपासणी करतो. पण आपल्याकडे प्रोलॅक्टिन वाढण्याचं सगळ्यात साधं कारण गाठ नसतं, गॅसची कॅप्सूल असतं. ॲसिडिटीच्या औषधात मिसळलेलं डोमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड महिनोन्‌महिने खाल्लं की प्रोलॅक्टिन चढतं. एमआरआयला सात-आठ हजार घालण्याआधी खिशातली गोळ्यांची पाकिटं टेबलावर काढायला सांगायची. तुमच्या आईत मात्र प्रोलॅक्टिन जवळजवळ शून्य असणार. त्यानं दूध उतरलं नाही, पण पेशींचं म्हणाल तर त्याचा त्रास असा काही दिसत नाही.

थायरॉइडबद्दल दोनच गोष्टी. पिट्युटरी बंद असेल तेव्हा टीएसएच, म्हणजे पिट्युटरीचा थायरॉइडला जाणारा निरोप, बघून डोस ठरवायचा नसतो. तो नॉर्मल दिसतो, कमीही दिसतो, आणि लोक "थायरॉइड ठीक आहे" म्हणून गोळी बंद करतात. बघायचा तो फ्री टी-४, म्हणजे रक्तातलं खुद्द थायरॉइडचं हार्मोन. दुसरी गोष्ट जिवाची आहे. हायड्रोकॉर्टिसोन बंद ठेवून नुसतं थायरॉक्सिन चालू ठेवणं धोक्याचं, कारण थायरॉक्सिन उरलंसुरलं कॉर्टिसॉल आणखी लवकर संपवतं. "स्टेरॉइडची बंद करते, थायरॉइडची घेते" असा जो मधला मार्ग आई काढत असेल, तो सगळ्यात वाईट.

आता उलट टोक, कारण गावातल्या भीतीचा उगम तिथं आहे आणि ती भीती अगदी निराधार नाही. पिट्युटरीत एसीटीएच बनवणारी गाठ झाली की कॉर्टिसॉल वर्षानुवर्षं जास्त राहतं. हार्वे कुशिंग यांनी असा पहिला रुग्ण १९१२ मध्ये वर्णिला आणि १९३२ मध्ये दोष पिट्युटरीत असल्याचं मांडलं. चेहरा वाटोळा होतो, पोट सुटतं, हात-पाय काटकुळे, कातडी कागदासारखी, पोटावर जांभळ्या रेघा. या माणसांना खरोखर इन्फेक्शन होतात. शिबं, नायटा जाता जात नाही, जुना क्षय पुन्हा डोकं काढतो, आणि पोटात पू झाला तरी ताप येत नाही, पोट कडक लागत नाही, कारण दाहच दाबलेला असतो. रक्तात पांढऱ्या पेशी बारा-चौदा हजार दिसतात, पण त्या निव्वळ प्रवाहात उतरलेल्या न्यूट्रोफिलमुळेही असू शकतात. गंमत म्हणजे ऑपरेशननं गाठ काढली, कॉर्टिसॉल उतरलं, की काहींना त्यानंतर वर्षभरात थायरॉइडला सूज येते किंवा सांधे धरतात. इतकी वर्षं दाबून ठेवलेल्या पेशी मोकळ्या होतात.

असे गाठीचे रुग्ण थोडे. त्याच चेहऱ्याची, त्याच कातडीची माणसं मात्र माझ्या ओपीडीत रोज येतात, आणि त्यांचं कॉर्टिसॉल तपासलं तर शून्याजवळ. ती पुडीवाली माणसं. गुडघेदुखीची पुडी, दम्याची पुडी, वजन वाढवायची पुडी. पांढरी किंवा विटकरी पूड, लेबल नाही, "आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही" एवढी हमी. आत बहुतेक वेळा डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन. सोबत नायट्यावर लावायचं तीन-चार औषधांचं मिश्र मलम, त्यातही तगडं स्टेरॉइड. पुडी चालू असते तेव्हा प्रतिकारशक्ती दबलेली. बाहेरून इतकं येतंय म्हटल्यावर पिट्युटरी एसीटीएच बनवायचं सोडून देते, महिनोन्‌महिने झोपते. मग कुणीतरी शहाणपणानं पुडी एकदम बंद करतं आणि तो माणूस तुमच्या आईसारखाच कोसळतो. मराठवाड्यात पिट्युटरी बंद पडण्याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते ही पुडी आहे, गाठ नव्हे, बाळंतपणही नव्हे. तुमच्या घरात दुसरं कुणी पुडीवर असेल तर ती एकदम थांबवू नका, आधी दाखवा.

शेतात राहणाऱ्यांसाठी आणखी एक सांगून ठेवतो. घोणस चावून किडन्या बंद पडल्या, डायलिसिसवर वाचला, असा माणूस पुढं काही महिन्यांनी किंवा वर्षांनी थकत गेला, दाढी विरळ झाली, बीपी खाली राहायला लागलं, तर त्याची पिट्युटरी तपासा. घोणशीच्या विषानं रक्त गोठण्याची व्यवस्था कोलमडते, त्यात ही ग्रंथी जाऊ शकते. नाग-मण्यार चावल्यावर असं होत नाही.

आणि कधीकधी पेशीच ग्रंथीवर चालून येतात. गरोदरपणाच्या शेवटी किंवा बाळंतपणानंतर लिम्फोसाइट पिट्युटरीत घुसून सूज आणतात. यात अंगावरून काहीच गेलेलं नसतं, डोकं मात्र भयंकर दुखतं. कॅन्सरवरच्या नव्या इम्युनोथेरपीत हेच औषधामुळे घडतं. टी-पेशींचा ब्रेक काढला की त्या गाठीसोबत पिट्युटरीवरही जातात आणि एसीटीएच बहुधा कायमचं बंद होतं. संभाजीनगरलाही ही औषधं दिली जातात, तेव्हा इम्युनोथेरपीवरचा माणूस अचानक गळून गेला तर "कॅन्सर वाढला" म्हणण्याआधी सकाळचं कॉर्टिसॉल बघावं.

आता आईसाठी नेमकं काय करायचं ते.

ताप १००.४ च्या वर गेला की दिवसाचा डोस दुप्पट, १०२ च्या वर तिप्पट. ताप उतरेपर्यंत, साधारण दोन-तीन दिवस. नंतर सरळ नेहमीच्या डोसवर. एवढ्यानं प्रतिकारशक्ती दबत नाही. निरोगी माणसाचं शरीर तापात स्वतःहून हेच करतं, आणि मोठ्या आजारात तर कित्येक पट. उलटी, जुलाब, अपघात, बेशुद्धी असेल तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, दंडात किंवा मांडीत दिलं तरी चालतं. ही कुपी महाग नाही. दोन कुप्या, पाणी आणि सिरिंज घरात ठेवा, कोण टोचणार हे आधीच ठरवा: आशाताई, गावातली नर्स, किंवा शिकून घेऊन तुम्ही स्वतः. टोचून झाल्यावर घरी थांबायचं नाही, सलाइनसाठी दवाखान्यात न्यायचंच. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आईच्या बटव्यात ठेवा: "पिट्युटरी काम करत नाही. बेशुद्ध असल्यास आधी हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ टोचा, मग तपासण्या करा." मोबाइलच्या कव्हरमागंही एक. फडावर गेली तर मुकादमालाही सांगून ठेवा.

हायड्रोकॉर्टिसोनची गोळी तालुक्याच्या मेडिकलमध्ये पुष्कळदा नसते. दोन महिन्यांचा साठा ठेवा. संपलीच तर गोळीविना राहू नका, डॉक्टरांना फोन करून तेवढ्यापुरती प्रेडनिसोलोन किती घ्यायची ते विचारा. ती सगळीकडे मिळते.

नवरात्रात तुळजापूरच्या आईचे नऊ दिवस कडक उपवास ती करत असेल, तर गोळी उपवास मोडत नाही हे तिला पटवा. निर्जळी मात्र नको, साखर उतरते.

काढ्याचं म्हणाल तर बंद करा. प्रतिकारशक्ती "वाढवायची" तिला गरज नाही, आहे ती अंगावर येते हीच तर अडचण आहे. गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. जेष्ठमध जास्त खाल्लं तर कॉर्टिसॉल मोडणं मंदावतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. चहात चिमूटभर घातल्यानं काही होत नाही, पण रोजचा कपभर काढा ही वेगळी गोष्ट.

क्षयाचं औषध कधी सुरू करायची वेळ आली तर हे विसरू नका. रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की कॉर्टिसॉल फार झपाट्यानं संपतं. नेहमीच्या डोसवर असलेला रुग्ण टीबीची गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांत उलट्या-अशक्तपणानं पडतो, आणि सगळे टीबीच्या औषधाला दोष देऊन तेच बंद करतात. बंद करायचं नाही. हायड्रोकॉर्टिसोन साधारण दुप्पट करावं लागतं, रिफाम्पिसिन चालू असेपर्यंत, आणि ते थांबल्यावरही दोनेक आठवडे. टीबीच्या कार्डावर हे लाल पेनानं लिहून घ्या.

आणि लसी. तिच्या डोसवर कुठलीही लस अडत नाही. जिवंत जंतूंच्या लसी टाळायच्या त्या दिवसाला २० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन दोन आठवड्यांहून अधिक घेणाऱ्यांनी. फ्लूची लस दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर, न्यूमोनियाची डॉक्टरांना विचारून. लस घेतल्यावर रात्री ताप आला तर त्या दिवशीही डोस दुप्पट.